मसाई मारात तंबूत राहताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ऑगस्टमध्ये केनियात मसाई माराला जातोय. कॅम्प महागडा आहे, पण त्याला कुंपणच नाही म्हणे. कापडाच्या भिंतींत रात्री झोपायचं, हे सुरक्षित आहे का? (ठाणे)

उत्तर : नियम पाळलेत तर आहे. सिंह, तरस, हत्ती तंबूच्या अगदी जवळून जातात, पण बंद तंबू फाडून आत घुसायच्या भानगडीत सहसा पडत नाहीत. धोका असतो तो उघड्या दारात आणि दोन तंबूंमधल्या पायवाटेवर. मारा आणि तालेक नदीकाठी अंधार पडला की पाणघोडे चरायला वर येतात. ते आणि पाणी यांच्या मध्ये माणूस आला, तर थेट अंगावर धावतात. म्हणून रात्री एकट्याने बाहेर पडायचं नाही. जेवायला नेण्या-आणण्यासाठी अस्करी, म्हणजे पहारेकरी, येतो. त्याला बोलवायची खूण शिट्टी, टॉर्च की वॉकीटॉकी, हे पोचल्या दिवशीच विचारून घ्या.

दाराला दोन पदर असतात, आत डासांची जाळी आणि बाहेर कॅनव्हास. दोन्हींच्या चेन खालच्या कोपऱ्यात अगदी टेकेपर्यंत ओढा. बोटभर फट राहिली तरी डासांना पुरते, आणि दिवसा माकडांनाही. खरे उपद्रवी तेच. बबून आणि वेर्वेट माकडांना चेन उघडता येते, त्यामुळे बऱ्याच कॅम्पांत चेन अडकवायला क्लिप किंवा दोरी देतात. ती न विसरता लावा. चिवडा-खाकऱ्याची पाकिटं तंबूत ठेवू नका, ऑफिसात सांभाळायला द्या.

आणि हो, रात्री पांघरुणात पायाला मऊ, उबदार काहीतरी लागलं तर किंचाळू नका. ती गरम पाण्याची रबरी पिशवी असते. मारा सुमारे १,५०० मीटर उंचीवर आहे, ऑगस्टच्या पहाटे स्वेटर लागतोच.

प्रश्न : ‘बकेट शॉवर’ म्हणजे बादलीने अंघोळ का? एवढे पैसे मोजून? (पुणे)

उत्तर : बादली असते, पण डोक्यावर. तंबूच्या मागे कप्पीवरून कॅनव्हासची पिशवी वर चढवतात, तिच्यात साधारण २० लिटर गरम पाणी असतं. नळ सलग चालू ठेवलात तर चार-पाच मिनिटांत खेळ संपतो. अंग भिजवायचं, नळ बंद करायचा, साबण लावायचा, मग पाणी सोडायचं. केस धुवायचे असतील तर दुसरी बादली आधीच सांगून ठेवा. डोक्याला शॅम्पू फासून हाका मारायची वेळ येऊ नये. सगळ्याच कॅम्पांत ही पद्धत नाही, पुष्कळ ठिकाणी नळाला गरम पाणी येतं. बुकिंग करतानाच विचारा.

वीज बहुतेक सोलरवर आणि बॅटरीत साठवलेली. हेअर ड्रायर किंवा किटली १,००० वॅटच्या पुढे जाते. ती लावली की इन्व्हर्टर ट्रिप होतो. प्लग ब्रिटिश पद्धतीचे, तीन चपट्या पिनांचे लागतात, तेव्हा अॅडॉप्टर घ्या. झोपेत श्वास अडू नये म्हणून सीपॅप मशीन लावत असाल तर तंबूत रात्रभर वीज असते का, हे आधी लेखी विचारा.

प्रश्न : आईबाबा जैन आहेत. खाण्याचे हाल होतील का? (सांगली)

उत्तर : होऊ नयेत. केनियात चपाती रोजच्या खाण्यातली, मैद्याची, पदर सुटणारी, राजमाही भरपूर. अडचण निराळीच आहे. नुसतं ‘शाकाहारी’ कळवलं तर अंडं चालतं असं धरतात, आणि सूपमध्ये चिकनचा स्टॉक असू शकतो. भाजीपाला नैरोबीहून येतो, त्यामुळे ऐनवेळी काही मिळत नाही. अंडं, कांदा, लसूण, बटाटा नको, हे निदान आठवडाभर आधी एकेक नाव लिहून कळवा, आणि पोचल्यावर आचाऱ्याला समक्ष भेटा.

प्रश्न : कोटेशनमध्ये ‘पार्क फी वेगळी’ लिहिलंय. किती धरू? (नाशिक)

उत्तर : मारा राष्ट्रीय राखीव क्षेत्रात २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. चौघांचं कुटुंब असेल तर ही किरकोळ रक्कम नव्हे. एजंटकडून आकडा लेखी घ्या. कॅम्प शेजारच्या एखाद्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे स्थानिक मसाईंच्या जमिनीवर राखलेल्या वन्यजीव क्षेत्रात, असेल तर तिची फी निराळी. पण तिथे पायी फेरी आणि रात्रीची सफारी करता येते, राखीव क्षेत्रात ती नाही.

प्रश्न : सामान आणि लस? (पणजी)

उत्तर : नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल तर हातातल्या बॅगेसकट १५ किलोच चालतं, आणि बॅग मऊ कापडी हवी, चाकांची कडक सुटकेस सामानाच्या कप्प्यात बसत नाही. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. परतताना भारतात प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या पुढचे असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्यांनाच विचारा. काही गोळ्या परतल्यावर आठवडाभर, तर काही चार आठवडे घ्याव्या लागतात. केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे, तेव्हा चपला गुंडाळायला कापडी पिशवी घ्या.