आधी हात, मग चेहरा

चि. यास अनेक आशीर्वाद,

चौकासाठी कोल्हापुरी चप्पल करणाऱ्या कारागिराच्या ब्राँझ पुतळ्याचं काम घेतलंस, छान झालं. पण चेहऱ्यापासून सुरुवात करू नकोस. रापीनं, म्हणजे चामड्याच्या सुरीनं, चामडं तासताना बोटं कशी वळतात, भोक पाडायची आरी रेटताना जोर तळव्यातून येतो की मनगटातून, हे फोटोत दिसत नाही. कोल्हापुरात सुभाषनगरातल्या चप्पल कारागिरांकडे जाऊन चार दिवस बस आणि नुसते हात माती घेऊन कर. अजून एक: चपलेवरची चामड्याची वेणी बहुतेक घरांत बायकाच विणतात. समितीला दोन आकृत्यांचा खर्च परवडत नसेल, तर माझं मत विचारशील तर वेणी विणणारी बाईच बसव.

ओतकामात वेणी, चपलेचे बाजूचे कान, आरीचं टोक हे त्रास देणारे भाग. ३ मिमीपेक्षा पातळ जागी धातू पोचण्याआधीच गोठतो. म्हणून आरी मापापेक्षा जाड घे आणि टोक चामड्यात रुतलेलं दाखव. पोरांच्या डोळ्याला धोका नाही आणि कुणी वाकवून मोडतही नाही. वेणी अधांतरी ठेवू नकोस, चपलेच्या अंगालाच धरून राहू दे.

साच्यातलं मेण वितळून जातं आणि त्या जागी ब्राँझ येतं, म्हणून मेणाची जाडी सगळीकडे ६ मिमी ठेव. एक चौरस मीटर पृष्ठाला या जाडीत साधारण ५३ किलो ब्राँझ लागतं. माणसाच्या सवापट आकृती केलीस की क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, दर देताना हे विसरलास तर घरचे पैसे जातील. रनर (धातू आत नेणारी वाट) आणि रायझर (आकसताना धातू पुरवणारा साठा) यांचा धातू वेगळा धर. मांडीजवळ जाड आणि पदराशी पातळ असं झालं, की जोडाशी आकसून पोकळी पडते; जाड भागावर रायझर दे.

साचा ६०० ते ७०० अंशांवर पुरता भाज. मेणाची काजळी किंवा ओल राहिली तर वायूची छिद्रं पडतात. ओल जास्त असेल तर वितळलेला धातू उसळून अंगावर येतो. ओतताना धार तुटू देऊ नकोस. तुटली तर दोन थर एकजीव होत नाहीत आणि सांध्याची रेघ, म्हणजे कोल्ड शट, दिसते. पुतळा पोकळ राहावा म्हणून साच्यात घातलेला गाभा धरून ठेवणारे लोखंडी खिळे नंतर काढ आणि भोकं ब्राँझनंच भर, नाहीतर पहिल्याच पावसात गंजाचे ओघळ येतील. वेल्डिंगचा रॉडही त्याच मिश्रधातूचा घे; वेगळा घेतलास तर पॅटिना, म्हणजे रसायनांनी आणलेला रंगाचा थर, चढवल्यावर जोड पट्ट्यासारखा उठून दिसतो.

बैठ्या पुतळ्याचा खरा शत्रू म्हणजे मांडीतली खोलगट जागा. तिथं पाणी साचतं, पानं कुजतात. पदराच्या चुणीत लपेल असं १० मिमीचं भोक पाड आणि तळालाही एक ठेव. आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचा घे.

बसवलेल्या पुतळ्याला मेणाचा हात वर्षातून दोनदा, मे महिन्यात आणि दिवाळीनंतर. हे करारात लिहून घे. गुडघा मात्र पोरं बसून बसून घासून चकचकीत करणारच. तिथं पॅटिना पुन्हा पुन्हा चढवत बसू नकोस.