गिटारवर ऑगमेंटेड सेव्हंथ कॉर्ड बेसूर वाटते. शिकायलाच हवी का, की साधी सेव्हंथ चालेल?

शिकायलाच हवी. ऑगमेंटेड सेव्हंथ म्हणजे साध्या सेव्हंथमधला पाचवा सूर अर्ध्या सुराने चढवलेली कॉर्ड. आणि कॉर्ड बेसूर नाही, तुम्ही धरताय ती बेसूर आहे.

तुम्ही लिहिलंय की जी (G) सेव्हंथची जी बारे कॉर्ड, म्हणजे एक बोट सगळ्या तारांवर आडवं दाबून धरायची, जमते, तिच्यातच दुसऱ्या तारेवर एक फ्रेट चढवला, तर काहीतरी घासल्यासारखं वाजतं. घासणारच. त्या बारेमध्ये पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला डी दाबलेला असतो. तुम्ही दुसऱ्या तारेवरचा डी चढवून डी शार्प केलात आणि पाचव्या तारेवरचा तसाच ठेवलात. डी आणि डी शार्प एकाच वेळी वाजवल्यावर दुसरं काय होणार?

बारे सोडा. तर्जनी सहाव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, मधलं बोट चौथ्या तारेवर त्याच फ्रेटला, अनामिका तिसऱ्या तारेवर चौथ्याला, करंगळी दुसऱ्या तारेवर चौथ्याला. तर्जनी जरा आडवी पडू द्या, म्हणजे पाचवी तार तिच्याखाली मुकी होते. पहिली तार छेडायची नाही. उरले जी, एफ, बी आणि डी शार्प. झाली कॉर्ड. सरसकट स्ट्रमिंग करू नका. अंगठा आणि तीन बोटांनी चारही तारा एकदम उचला.

आता ती नुसती धरून बसलात तर अधांतरीच वाटणार. तिला लगेच सी मेजरवर न्या: पाचव्या तारेवर तिसरा फ्रेट आणि चौथ्या, तिसऱ्या, दुसऱ्या तारेवर पाचवा. दुसऱ्या तारेकडे कान द्या. साध्या जी सेव्हंथमध्ये तिथे तिसरा फ्रेट, ऑगमेंटेडमध्ये चौथा, सी मेजरमध्ये पाचवा. गाणं पांढरी एकमध्ये, म्हणजे सा सी वर, असेल तर हे झालं रे, कोमल ग, शुद्ध ग. या कॉर्डचं सगळं काम एवढंच. रे वरून ग वर जाताना मधली पायरी दाखवायची.

या कोमल गंधारापायी माझं एक जुनं भांडण आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या गणपतीत भावगीतांचा कार्यक्रम व्हायचा. पेटीवर अण्णा. वयाने मोठे, हात गोड, आणि गिटार म्हणजे कॉलेजच्या गॅदरिंगचं वाद्य असं ठाम मत. मी कोपऱ्यात बसून कॉर्ड धरणारा पोरगा. एका गाण्यात अंतरा संपवून मुखड्यावर येताना गायक नी वर थांबायचे. पट्टी पांढरी एक. खाली मी साधी सेव्हंथ वाजवायचो. एका तालमीत तिथे ऑगमेंटेड टाकली. अण्णांचा भाता थांबला.

"अरे, कोमल ग कुठून आणलास? गाण्यात शुद्ध आहे."

"अण्णा, तो शुद्धवरच जातोय."

"मग सरळ जाऊ दे ना. वाटेत कशाला थांबतोय?"

सगळे हसले. पुढच्या खेपेला त्याच जागी अण्णांनी पेटीवर रे दाबून धरला. मुद्दाम. माझा डी शार्प, त्यांचा डी. "बघ, बेसूर!" तबलजी म्हणाले, "जाऊ दे रे, साधी वाजव. लोकांना काय कळतंय?" कार्यक्रमात मी साधीच वाजवली, कारण वय आणि माइक दोन्ही अण्णांकडे होतं.

तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता बोलतो. एक, अण्णा स्वतः पिलू राग वाजवायचे तेव्हा दोन्ही गंधार लावायचे आणि माना डोलायच्या. तिथे चालतो तो कोमल ग गिटारवरून आला की परका? दोन, "हे आपल्या संगीतात बसत नाही" हे पेटीवाल्याने तरी म्हणू नये. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवरच बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. तीन, अण्णांचे लाडके शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर. दोघांकडेही अरेंजर, म्हणजे वाद्यमेळ रचून देणारे, होते सेबॅस्टियन डिसोझा, गोव्याचे. अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट हे वादकही गोव्याचेच. या लोकांनी स्टाफ नोटेशनवर, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्य स्वरलिपीत, हार्मनी लिहून दिली, म्हणून ती गाणी तशी भरलेली वाजतात. आणि लोकांना कळतं. कॉर्डचं नाव कळत नसेल, पण मुखडा आला की बरं का वाटलं ते कानाला कळतं.

असो. तुमचा प्रश्न राहिलाच.

चार्टवर जी७#५, जी+७, जी ऑग ७ असं काहीही लिहिलेलं असलं तरी कॉर्ड हीच. हाच आकार पाचव्या फ्रेटला नेला की ए, आठव्याला सी. करंगळी ताणली जात असेल तर आठव्या फ्रेटवर सुरुवात करा, तिथे फ्रेट जवळजवळ असतात. "चार फ्रेट सरकवली की तीच कॉर्ड परत येते" असं कोणी सांगितलं तर ते ऑगमेंटेड ट्रायडपुरतं, म्हणजे तीन सुरांच्या कॉर्डपुरतं, खरं आहे. सेव्हंथ जोडली की तो नियम संपला, बारा सुरांच्या बारा वेगळ्या कॉर्ड. पुढे सी मायनर असेल तर दुसऱ्या तारेवरचं बोट चौथ्या फ्रेटवरून हलवूच नका. तो डी शार्पच मायनरचा ग होतो.

आणि हो, हे आधी सांगायला हवं होतं: गायक त्या जागी रे वर थांबत असेल तर ही कॉर्ड अजिबात वाजवू नका, साधी सेव्हंथच बरोबर. नी किंवा मध्यमावर थांबत असेल तर खुशाल. प्रत्येक मुखड्याआधीही टाकू नका, दुसऱ्यांदा गंमत निम्मी होते. गाण्यात एकदा, फार तर शेवटच्या मुखड्याला.

सोबत पेटी असेल तर तालमीआधीच सांगून ठेवा की त्या दोन मात्रा रे दाबायचा नाही. ऐकतीलच असं नाही.