गोव्यात आदिवासी दहा टक्क्यांहून जास्त, तरी विधानसभेत राखीव जागा एकही का नव्हती?

तुम्ही विचारलंय की गोव्यात आदिवासींची संख्या दहा टक्क्यांच्या वर असताना ४० आमदारांच्या विधानसभेत त्यांच्यासाठी एकही जागा राखीव का नव्हती, आणि इतकी वर्षं त्यांची बाजू मांडली कोणी. मी केपे तालुक्यातली, गावडा समाजातली. प्राथमिक शाळेत शिकवते आणि दोन जनगणनांना प्रगणक म्हणून घरोघर फिरले आहे. त्या फिरण्यातच तुमच्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर आहे.

फेब्रुवारी २००१. आमच्या वाड्यावरची एक म्हातारी आजी सोप्यावर बसून चुडतं विणत होती. मी शेजारी फॉर्म उघडून बसले. अनुसूचित जमातीचा रकाना आला. प्रगणकाजवळ जमातींची यादी असते आणि त्या यादीत नाव असेल तरच नोंद करता येते. गोव्याच्या यादीत पाचच नावं होती: धोडिया, दुबळा, नायकडा, सिद्दी, वारली. गोवा, दमण आणि दीव एकत्र असताना १९६८ साली केलेली ती यादी. मी विचारलं तेव्हा आजी हसून म्हणाली, "म्हाका कितें विचारता गो? तूं गांवडी, हांव गांवडी." मी मान डोलावली आणि जमात नाही अशी नोंद केली. त्या जनगणनेत अख्ख्या गोव्यात अनुसूचित जमातीची माणसं निघाली ५६६.

जानेवारी २००३ मध्ये संसदेच्या कायद्याने गावडा, कुणबी आणि वेळीप या तीन समाजांची नावं यादीत आली. फेब्रुवारी २०११ मध्ये मी पुन्हा त्याच सोप्यावर बसले. आजी तीच, वाडा तोच. या वेळी जमात लिहिली. आकडा आला १,४९,२७५, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या १०.२३ टक्के. दहा वर्षांत आम्ही कुठून चालून आलो नव्हतो. या मातीत कुमेरी, म्हणजे डोंगरउतारावरची फिरती शेती, करत आलेले लोक आम्ही, सरकारदरबारी मोजले गेलो ते २०११ मध्ये.

आता तुमचा मूळ प्रश्न. विधानसभेतल्या जमातींच्या जागा राज्यघटनेच्या कलम ३३२ प्रमाणे लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात. पण कोणत्या जनगणनेची लोकसंख्या? २००३ च्या ८७ व्या घटनादुरुस्तीने मतदारसंघांच्या पुनर्रचनेसाठी २००१ ची जनगणना धरायला सांगितलं, आणि त्याआधीच्या ८४ व्या दुरुस्तीने पुढची पुनर्रचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत थांबवून ठेवली होती. त्यामुळे मतदारसंघ आखणाऱ्यांसमोर गोव्याचा आकडा होता ५६६. त्याला एकही जागा बसत नाही. त्याच गोव्यात २०११ मध्ये अनुसूचित जाती २५,४४९ होत्या आणि त्यांच्यासाठी पेडणे मतदारसंघ राखीव आहे. तो त्यांचा हक्कच आहे. पण सहापट संख्येच्या समाजाला शून्य, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

हे टाळता आलं असतं, आणि मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच. महाराष्ट्राचं बघा. १९७६ च्या कायद्याने जमातींवरचं क्षेत्रबंधन, म्हणजे ठरावीक भागात राहणाऱ्यांनाच जमातीचे धरायचं ही अट, उठवलं आणि तिथली आदिवासींची नोंदलेली संख्या १९७१ च्या सुमारे साडेएकोणतीस लाखांवरून १९८१ मध्ये पावणेअठ्ठावन्न लाखांच्या आसपास गेली. पण त्याच कायद्यात पुढची कलमंही होती: जनगणना अधिकाऱ्याने वाढीव संख्या काढावी आणि निवडणूक आयोगाने त्याप्रमाणे मतदारसंघ जुळवावेत. १९७८ च्या निवडणुकीला महाराष्ट्रात २८८ पैकी २२ जागा जमातींसाठी राखीव होत्या, आज २५ आहेत. २००३ च्या आमच्या कायद्यात ती कलमंच घातली नाहीत. सिक्कीमच्या लिंबू आणि तमांग समाजांचंही तेच झालं. तेही त्याच कायद्याने यादीत आले आणि जागांविना राहिले. २०१३ मध्ये केंद्राने जागा जुळवण्यासाठी अध्यादेश काढला होता, त्याचा कायदा झालाच नाही.

मग बाजू मांडली कोणी? खुल्या जागांवरून निवडून आलेल्या आमच्याच माणसांनी. प्रकाश वेळीप आमदार झाले, मंत्री झाले. काणकोणचे रमेश तवडकर २०२२ मध्ये विधानसभेचे सभापती झाले. प्रियोळमधून गोविंद गावडे, सावर्ड्यातून गणेश गावकर आले. यावरून मला कितीदा तरी ऐकवलं गेलंय, "तुमचे लोक निवडून येतातच की, मग राखीव कशाला?" खुल्या जागेवर आमचा माणूस उभा राहतो तो पक्षाने तिकीट दिलं तर. पुढच्या वेळी तिकीट कापलं की त्या तालुक्यातला आमचा आवाज गेला. आमच्या दहा टक्क्यांप्रमाणे चार जागा राखीव असल्या तर प्रत्येक पक्षाला आमच्यातलाच उमेदवार शोधावा लागेल. कोण जिंकतं हा पुढचा प्रश्न.

आणि गोव्यात विधानसभेला पर्याय नाही. इथे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीचं आदिवासी क्षेत्र जाहीर झालेलं नाही, त्यामुळे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू होत नाही. महाराष्ट्रातल्या गडचिरोलीची किंवा नंदुरबारची ग्रामसभा जे बोलू शकते ते आमच्या वाड्याला बोलता येत नाही. वनहक्काचे, म्हणजे कसत आलेल्या वनजमिनीवरच्या हक्काचे, दहा हजारांच्या आसपास दावे गोव्यात दाखल झाले आणि ते वर्षानुवर्षं रेंगाळले. माझ्या काकांचा त्यातलाच एक. काजूच्या बागेचा नकाशा त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून देवाच्या फोटोमागे ठेवलाय. कोणी अधिकारी आला असं कळलं की पिशवी घेऊन निघतात.

मे २०११ चं बाळ्ळीचं आंदोलन तुम्ही ऐकलं असेल. फेब्रुवारीत आमची मोजणी झाली आणि २५ मे रोजी उटा या आदिवासी संघटनांच्या आघाडीने आपल्या मागण्यांसाठी रस्ता अडवला. त्या दिवशी जाळपोळ झाली आणि समाजाचे दोन तरुण आगीत गेले. आमच्या घरापासून बाळ्ळी लांब नाही. त्या रात्री वाड्यावर कोणाच्या घरात चूल पेटली नाही. विधानसभेत बोलायला जागा असती तर रस्त्यावर यावं लागलं नसतं, असं तेव्हाही वाटलं, आजही वाटतं.

शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यासाठी वेगळं विधेयक लोकसभेत मांडलं गेलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आधी लोकसभेने, मग राज्यसभेने ते मंजूर केलं. त्यात साधी गोष्ट आहे. २००३ मध्ये यादीत आलेले समाज धरून जमातींची संख्या काढायची आणि निवडणूक आयोगाने ४० च्या ४० जागा तशाच ठेवून त्यातल्या काही जमातींसाठी राखायच्या. २०११ च्या टक्केवारीने ४० मध्ये चार जागा येतात. १९७६ च्या कायद्यात जे दोन-तीन कलमांत झालं, त्यासाठी आम्ही बावीस वर्षं घालवली.

पण चार जागा मिळाल्या की सगळं मिळालं असंही मी म्हणणार नाही. राखीव मतदारसंघात मतं सगळेच देतात, त्यामुळे निवडून येणारा बहुसंख्यांना न दुखावणारा असेल हे उघड आहे. महाराष्ट्रात २५ आमदार असून ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभेचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांना, इतर आदिवासी आमदारांबरोबर, आपल्या मागण्यांसाठी मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावरून खालच्या जाळीवर उड्या माराव्या लागल्या. ते चित्र टीव्हीवर पाहताना मी सुन्न झाले होते. तरीही, ते एकत्र उभे राहिले म्हणून सगळ्या राज्याने बघितलं. एकटादुकटा आमदार ते करू शकत नाही.

दुसरी अडचण आमच्या विखुरलेपणाची. काणकोण, केपे, सांगे इथे वेळीप आणि गावडे दाट आहेत. पण ख्रिस्ती गावडे सासष्टी, मुरगावकडे पसरलेत, आणि १९२८ मध्ये मसूरकर महाराजांनी शुद्धी करून ख्रिस्ती धर्मातून परत हिंदू धर्मात घेतलेले नवहिंदू गावडे आणखी वेगळ्या वाड्यांवर. जमातीचा दाखला धर्म बघत नाही, म्हणून मोजणीत सगळे एक. जागा मात्र जिथे प्रमाण जास्त तिथेच राखल्या जातील, आणि किनाऱ्याकडचा आमचा ख्रिस्ती भाऊ बाहेरच राहील अशी मला भीती आहे.

म्हणून यापुढे बातम्यांत विधेयक मंजूर झालं एवढंच वाचून थांबू नका. निवडणूक आयोगाच्या आदेशात कोणत्या मतदारसंघांची नावं येतात आणि त्यावर हरकती घ्यायला किती दिवस देतात, ते बघा. आमच्या वाड्यावर आम्ही त्याच कागदाची वाट बघतोय.