आजींचं सहस्रचंद्रदर्शन करताय? आधी त्यांच्याजवळ बसा

हजार पौर्णिमा भरायला साधारण 80 वर्षं 10 महिने लागतात, म्हणजे आजींना आता 80 वर्षं 7 महिने झाले असतील, तर तुमच्या हाताशी अजून तीन महिने आहेत. हॉल आणि केटरर नंतर बघा, आधी आजींच्या आठवणी टिपून घ्या.

"अमुक कोणत्या साली झालं?" असं विचारू नका. साल आठवत नाही आणि मग त्या गप्प होतात. काळाच्या खुणा धरा. पानशेतचं धरण फुटलं (12 जुलै 1961) तेव्हा कुठे होतात? कोयनेच्या भूकंपाच्या वेळी कडेवर कोण होतं? बहात्तरच्या दुष्काळात काय शिजायचं? माझी आई या शेवटच्या प्रश्नावर मिलोच्या, म्हणजे लाल ज्वारीच्या, भाकरीपासून सुरू झाली आणि रोज दोन भाकऱ्या आणून देणाऱ्या शेजारणीपर्यंत पोहोचली. ते नाव आम्ही घरात कधी ऐकलंच नव्हतं. सोहळ्याला त्या माउलीच्या लेकीला बोलावलं, आईच्या हातून तिची ओटी भरली. औक्षणाच्या दिव्यांपेक्षा मला तोच क्षण जास्त आठवतो.

मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण एका वेळी अर्धा तासच. जुन्या फोटोंमागे नावं मऊ पेन्सिलीने लिहा, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि गेलेल्या माणसांची नावं निघाली की विषय बदलू नका. रडू द्या त्यांना, शेजारी बसून राहा.