एक टेबल, तीन यंत्रं

प्रश्न : नागपुरातल्या महाल भागातल्या घरी जागा कमी आहे. ग्राइंडर, व्हाइस (वस्तू घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) आणि ड्रिल मशीन एकाच टेबलावर आलटूनपालटून कसं बसवू?

उत्तर : प्रत्येक यंत्र १८ मिमी प्लायच्या एकाच मापाच्या पाटावर नटबोल्टनं पक्कं करा, बोल्टची डोकी खालून प्लायमध्ये बुडवा. टेबलात तशीच खाच ठेवून पाट चार बोल्टनी आवळा. खाच सागवानी असेल तर चहूबाजूंनी १ मिमी मोकळी सोडा. आपल्या नागपुरात मे महिन्यात सुकलेलं लाकूड पावसाळ्यात फुगतं, मग पाट निघता निघत नाही. व्हाइसची जागा टेबलाच्या पायाच्या बरोबर वरच हवी, यावर मी अडून बसेन. मधोमध हातोडा मारला की फळी उसळते, अर्धा घाव वाया जातो. ग्राइंडर बदलताना आधी प्लग काढा.