केनियातल्या बालगृहात तीन महिने सेवेला जाताय? जायच्या आधी एवढं वाचा

ताई, जय ख्रिस्त. तुम्ही विचारलंय की धुळ्याच्या मंडळीतर्फे तुम्ही आणि मिस्टर तीन महिने केनियात, किसुमूकडच्या एका बालगृहात सेवेला जाताय, तर तिथला रोजचा दिवस कसा असतो, सोबत काय न्यावं आणि पोरांशी लवकर जवळीक कशी करायची. आम्ही दोघं नवापूरकडचे, किसुमूच्या बाहेरच एका होममध्ये दोन वर्षं राहून आलोय, म्हणून सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

जवळीकीचं आधी सांगते, ती करावी लागतच नाही. तुम्ही गाडीतून उतरताच चार-पाच लहान पोरं येऊन कमरेला मिठी मारतील, एखादं उचलून घे म्हणून हात वर करेल आणि तुमच्या डोळ्यात पाणी येईल, आमच्याही आलेलं. पण आमच्या घराची मामा (तिकडे आईला आणि घर सांभाळणाऱ्या बाईला मामाच म्हणतात, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, पहिले आठ दिवस फार गोंधळ होतो) त्या रात्री भांडी घासता घासता मला म्हणाली की जे पोर अनोळखी माणसाला लगेच बिलगतं त्याचीच मला जास्त काळजी वाटते. मी विचार करत बसले. खरंच आहे ना, घरात वाढलेलं पोर पाहुणा आला की आधी आईच्या पदराआड जातं, तिथून डोकावतं, मग हळूहळू पुढे येतं. ज्याला पदरच नाही ते सरळ पाहुण्याकडे धावतं, आणि तो पाहुणा तीन महिन्यांनी विमानात बसून जातो, मग दुसरा येतो, मग तिसरा.

मला हे चटकन लागलं कारण मी स्वतः बोर्डिंगची पोरगी. आपल्या खानदेशात अमेरिकेकडून मिशनरी आले, दवाखाने काढले, शाळा काढल्या, चिंचपाड्याचं हॉस्पिटल आजही चालू आहे, त्यांचे उपकार मी कधी विसरणार नाही. आमच्या बोर्डिंगात एक मडम होती, ती रोज संध्याकाळी पायरीवर बसून माझी वेणी घालायची. मी आठ वर्षांची असताना ती सुट्टीवर मायदेशी गेली आणि परत आली नाही. कुणी काही सांगितलं नाही. मी कित्येक दिवस संध्याकाळी कंगवा घेऊन त्या पायरीवर बसायचे. ती वाईट नव्हती हो, फार मायेची होती, म्हणून तर इतकं लागलं.

म्हणून माझं तुम्हाला एकच कळकळीचं सांगणं आहे, तीन महिन्यांसाठी पोरांची आई व्हायला जाऊ नका. आंघोळ घालणं, भरवणं, रात्री झोपवणं, रडलं की कडेवर घेणं हे मामाच्या हातातून काढून घेऊ नका, तिच्या डोक्यावरचं बाकीचं ओझं घ्या म्हणजे तिला पोरांजवळ बसायला वेळ मिळेल. एकेका मामाकडे नऊ-दहा पोरं असतात, तिला दोन हातच आहेत.

आता दिवस कसा जातो ते. पहाटे पाचला उठायचं, चुलीवर उजी चढवायची, उजी म्हणजे पेज, मक्याची नाहीतर विंबीची, विंबी म्हणजे आपली नागली, त्यामुळे मला तर पहिल्या दिवसापासून घरचाच वास आला. अंधारातच युनिफॉर्म, बूट, एकाचा मोजा हरवलेला, एकीची वही. पोरं शाळेत गेली की धुणं. छत्तीस पोरांचं धुणं हाताने, टबात बसून, पावसाळ्यात तर बुटांना आपल्यासारखीच काळी चिकट माती, ती काठीने खरवडावी लागते. हे काम घ्या. याचे कुणी फोटो काढत नाही पण मामाचे दोन तास वाचतात. मिस्टर पाण्याची टाकी, नळ, डासांच्या जाळ्या शिवणं हे बघायचे, तिकडे मलेरिया फार आहे आणि फाटकी जाळी असून नसल्यासारखी.

दुपारी मका आणि राजम्याची गिथेरी, रात्री उगाली आणि सुकुमा विकी, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि पालेभाजी. चपाती तिथे सणाची गोष्ट. मी नाताळला चपात्या लाटायला बसले तर पोरांनी माझ्याभोवती गोल केला आणि प्रत्येकाने आपली कुठली ते आधीच बोट दाखवून ठरवलं. मसाले फार नेऊ नका, किसुमूत जुनी भारतीय वस्ती आहे, 1901 मध्ये रेल्वे तिथवर पोचली तेव्हापासून आपल्याकडच्या लोकांची दुकानं आहेत, तूरडाळ मिळते. मी नंदुरबारची मिरची तेवढी नेली होती. दुकानाला ते दुकाच म्हणतात, साबणाला साबुनी, रंगाला रांगी, औषधाला दावा, आपले शब्द ऐकून जीव खुलतो.

पण भाषा नीट शिका, अर्धवट शिकू नका. स्वाहिलीत तास दिवसा सूर्योदयापासून आणि रात्री सूर्यास्तापासून मोजतात, सकाळचे किंवा संध्याकाळचे सात म्हणजे एक वाजला. एका शनिवारी मामा सुट्टीवर गेली आणि मला सांगून गेली की अमक्याची दावा सा म्बिली. सा म्हणजे वाजता आणि म्बिली म्हणजे दोन एवढं मला येत होतं, मी दुपारी दोनला गोळी दिली, द्यायची होती रात्री आठला. ती रोज ठरल्या वेळीच द्यायची, आयुष्यभराची गोळी होती. मामाने दवाखान्यात फोन केला, काही बिघडलं नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. गोळी देताना मामा काय करायची बघा, गोळी दिली, पाणी दिलं, मग तोंड उघड, जीभ वर, आणि मग स्वतः त्याच्या शेजारी बसून उरलेली उगाली दोघं मिळून खायची. एक शब्द न बोलता. हे आपल्याला तीन महिन्यांत जमणार नाही.

आजाराचं, घरच्या परिस्थितीचं कुठेही बोलू नका, मंडळीत साक्ष देताना सुद्धा नाही. आणि पोरांचे चेहरे स्टेटसला टाकू नका. शुभवर्तमान द्यायला जातोय असंही मनात धरू नका, केनियात बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत, संध्याकाळची प्रार्थना आमच्याकडे बारा वर्षांची पोरगी चालवायची आणि आम्ही मागे बसायचो.

कागदपत्रं: यलो फीव्हरची लस जायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, ठरावीक सरकारी मान्यतेच्या सेंटरलाच मिळते, कार्ड आयुष्यभर चालतं, ते नसेल तर परत येताना इथे सहा दिवसांपर्यंत क्वारंटाईन करू शकतात. टुरिस्ट म्हणून जाऊन काम करू नका, बिनपगारी असलं तरी परमिट लागतं. होमने तुमच्याकडे पोलीस व्हेरिफिकेशन मागितलं नाही तर तुम्हीच विचारा की का नाही मागत, ज्यांना कुणीही आलेलं चालतं तिथे जाऊ नका.

आणि अजून एक विचारा, गेल्या वर्षात किती पोरं आपल्या घरी परत गेली. होममधल्या बहुतेक पोरांचं कुणी ना कुणी असतं, आई, मावशी, आजी. केनिया सरकारने 2017 मध्ये नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली, आता पोरं कुटुंबात परत पाठवायचं धोरण आहे, ते बरोबरच आहे. आमच्या एका पोराची आजी दर महिन्याला पिशवीत मक्याची चार कणसं घेऊन यायची, फाटकापाशी बसायची. तिला नातू नको नव्हता, फी भरता येत नव्हती. आम्ही असतानाच होमने फी भरायला सुरुवात केली आणि पोरगा तिच्याकडे गेला. तुमच्या तिकिटांच्या पैशात असं काही होतं का हे तिथल्या लोकांना विचारा, आणि हो म्हणाले तर जाण्याचा पुन्हा विचार करा, वाईट वाटून घेऊ नका.

जायचंच ठरलं तर पहिल्याच दिवशी पोरांना सांगा की आम्ही अमुक तारखेला जाणार. आम्ही भिंतीवर कॅलेंडर लावलं होतं, पोरं रोज एक चौकोन खोडायची. निघायचं ते दिवसा, सगळ्यांना भेटून, मामा शेजारी उभी असताना.

माझ्याकडे स्वाहिलीची वही आहे, घरातली वाक्यं, औषधांची, शाळेची, वेळेच्या पानावर लाल पेनने खूण केलीये. नवापूरला आलात तर घेऊन जा.