चिरेखाणीची (जांभा दगडाच्या खाणीची) २० फुटी उभी भिंत पावसाळ्यात ढासळू नये म्हणून काय करायचं?

आधी पाणी वळवा: कडेच्या थोडं मागे चर मारून सड्यावरचं (वरच्या सपाट कातळावरचं) पाणी बाजूला काढा आणि खालची माती उभी कापू नका, पायऱ्या पाडा. जांभा उभा राहतोच हो, घोळ त्याच्या खालच्या पांढरट-गुलाबी चिकण मातीत असतो, जांभा भोकाभोकाचा म्हणून पाणी आरपार जातं नि त्या मातीवर येऊन अडतं, आतून दाब वाढतो, माती लोण्यासारखी होते आणि वरचा अख्खा जांभा घेऊन खाली बसते. मी खनिजाच्या खाणीत सर्व्हेला आहे, आम्हाला १९६१ चे मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स (खाणींच्या सुरक्षेचे नियम) लागतात, त्यात माती-मुरुमाला:

- उतार ४५ अंशांपेक्षा जास्त नको, नाहीतर पायरी १.५ मीटरपेक्षा उंच नको, रुंदी निदान उंचीइतकी
- कडेपासून ३ मीटरात झाड, सुटे दगड नकोत (आपल्याकडे चिऱ्यांची थप्पी नेमकी तिथेच रचतात!)

कडेला समांतर भेग दिसली तर दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून रोज सकाळी टेपने अंतर मोजा, वाढतंय असं दिसलं की खालून माणसं आणि मशीन दोन्ही काढा, पाऊस थांबायची वाट बघू नका. फक्त ४५ अंश म्हणजे शंभर टक्के सेफ असं नाही, मातीत झरा असेल तर त्याहून कमी उतारसुद्धा सरकतो, म्हणून भिंतीतून पाणी पाझरत असेल तर जाणकार मायनिंग इंजिनिअरला दाखवूनच पुढे खणा.